सैनिकाने बायकोला लिहिलेली जुनी पत्रं वाचताय? मग या चुका टाळा

गेली चार-पाच वर्षं मी फावल्या वेळात एक काम करतेय. अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांनी आणि युनिव्हर्सिट्यांनी त्यांच्या यादवी युद्धातली पत्रं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत, आणि ती हस्तलिखितं वाचून टाइप करून द्यायचं काम जगातून कुणीही घरबसल्या करू शकतं. आयोवा युनिव्हर्सिटीने हे २०११ मध्ये सुरू केलं, नंतर लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही केलं. मी नवऱ्याने बायकोला लिहिलेली पत्रं घेते. आधी वाटलं इंग्रजी येतं, जुनं अक्षर जरा सवयीने जमेल, झालं. पण पहिल्या वर्षात मी इतक्या ठिकाणी चुकीचं वाचलं, चुकीचा अर्थ लावला, की आता मैत्रिणी विचारतात "मला पण करायचंय, कुठून सुरू करू" तेव्हा मी आधी चुकाच सांगते. त्याच इथे लिहितेय.

युद्ध माहीत नसेल तर अगदी थोडक्यात: १८६१ ते १८६५, एका बाजूला उत्तरेची राज्यं म्हणजे युनियन, दुसऱ्या बाजूला गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं म्हणजे कॉन्फेडरेट. माणसं किती मेली याचा जुना आकडा ६ लाख २० हजार, नवीन हिशोबांनी सात ते साडेसात लाखांच्या आसपास, आणि त्यातली साधारण दोन तृतीयांश गोळीने नाही तर जुलाब, हगवण, टायफॉइड असल्या आजारांनी गेली. हे लक्षात ठेवा, कारण पत्रात "पोट बरं नाही" असं साधं वाक्य आलं की ते साधं नसतं.

सगळ्यात प्रसिद्ध पत्रापासून सुरुवात करणं

इंटरनेटवर शोधलंत की पहिलं येतं सलिव्हन बालू नावाच्या मेजरचं पत्र, १४ जुलै १८६१, बायको सारा हिला. ऱ्होड आयलंडचा वकील, वय ३२, दोन लहान मुलगे. आठवड्याने, २१ जुलैला, बुल रनच्या पहिल्या लढाईत जखमी झाला, पाय कापावा लागला आणि काही दिवसांत गेला. पत्र अप्रतिम आहे, मी कितीदा वाचलं तरी गळा दाटतो, त्यात वाद नाही. पण त्याच्यापासून सुरुवात केली की पुढची हजार पत्रं फिकी वाटतात आणि आपण त्यात तसलीच वाक्यं शोधत बसतो. बालू शिकलेला, राजकारणात वावरलेला, भाषण करणारा माणूस होता. साधा शिपाई असं लिहीत नव्हता, त्याला लिहायचंही नव्हतं, त्याला विचारायचं असायचं की डुक्कर कापलं का आणि मक्याचं काय झालं.

दुसरं म्हणजे जे पत्र सगळीकडे फिरतं ते कापलेलं आहे. १९९० मध्ये अमेरिकेत यादवी युद्धावरची मोठी टीव्ही मालिका आली, त्यात हे पत्र वाचलं गेलं आणि घराघरात पोचलं, पण वेळेत बसवायला छोटं करून. मूळ लांब मजकुरात तो लिहितो की मी स्वतः बापाविना वाढलोय, त्याची कडू चव मला माहितीय, आणि आता माझ्याच मुलांवर तीच वेळ आणायची का हा प्रश्न मला खातोय. माझ्या मते सगळ्या पत्राचा जीव तिथे आहे. आणि नेमकं तेच फिरणाऱ्या मजकुरात नसतं. त्याच्या हातचा मूळ कागद तर आज सापडतच नाही, उरल्यात त्या इतरांनी उतरवून ठेवलेल्या प्रती. त्याने ते टपालात टाकलं नव्हतं असं सांगतात, तो गेल्यावर त्याच्या सामानातून साराला मिळालं. सारा तेव्हा २४-२५ ची. तिने पुन्हा लग्न केलं नाही, १९१७ मध्ये गेली.

तर बालू वाचा, पण शेवटी वाचा. आधी पन्नास साधी पत्रं वाचा.

पहिल्या दोन ओळी सोडून देणं

जवळपास प्रत्येक पत्र एकाच वाक्याने सुरू होतं, लेखणी हाती घेतो आणि कळवतो की मी खुशाल आहे, या चार ओळी मिळतील तेव्हा तूही तशीच असशील अशी आशा करतो. सुरुवातीला मी हे यंत्रासारखं टाइप करून पुढे जायचे. मग एकदा लक्षात आलं, अरे हे तर आपलं "पत्र लिहिण्यास कारण की" आणि "आम्ही सर्व खुशाल असून आपली खुशाली कळवावी". आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या पत्रात जे असतं अगदी तेच. आणि आपल्याला माहितीय की ते वाक्य रिकामं नसतं. ज्या दिवशी ते नसतं त्या दिवशी घरात सगळे गप्प होतात.

तेव्हा त्या ओळीत काय बदललंय ते बघा. एरवी "ठणठणीत" लिहिणारा माणूस "बऱ्यापैकी" लिहितो, पुढच्या पत्रात "उठून बसतोय" लिहितो. तीन पत्रं ओळीने लावली की आजारपण दिसतं, जे तो बायकोला कुठेही स्पष्ट सांगत नाही.

घरकाम, पैसे, शेती हा "कंटाळवाणा भाग" समजणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती.

पत्राचा निम्मा भाग पैशाचा असतो. युनियनच्या साध्या शिपायाला महिना १३ डॉलर, १८६४ मध्ये १६ झाले, पण पगार वेळेवर यायचाच नाही, चार चार महिने थकायचा. मग पत्रात येतं, पैसे आले की एक्सप्रेस कंपनीकडून पाठवतो, तोवर अमक्याकडून उधार घे, तमक्याचं देणं थांबव, घोडी विकू नको, विकायचीच तर इतक्याला वीक. आणि स्टॅम्प पाठव, स्टॅम्प पाठव, स्टॅम्प पाठव. मला वाटायचं केवढा मागे लागतो हा माणूस. नंतर कळलं की अर्ध्या औंसाच्या पत्राला ३ सेंट लागायचे, छावणीत स्टॅम्प मिळायचे नाहीत, आणि १८६२ मध्ये सुट्टी नाणी बाजारातून इतकी गायब झाली की लोक स्टॅम्पच चिल्लर म्हणून वापरत होते. युनियनच्या शिपायाला बिनस्टॅम्पचं पत्र टाकायची सोय होती, पाकिटावर "सोल्जर्स लेटर" लिहून ऑफिसरची सही घ्यायची, मग ते ३ सेंट घेणाऱ्याने भरायचे. म्हणजे त्याची बायको पोस्टात गेली की नवरा जिवंत आहे हे कळायला तिनेच पैसे द्यायचे. स्टॅम्प मागण्यामागे हे सगळं आहे.

दक्षिणेत तर याहून कठीण. कॉन्फेडरेट टपाल वेगळं, आधी ५०० मैलांच्या आत ५ सेंट आणि पुढे १०, मग जुलै १८६२ पासून सरसकट १०. कागदाची इतकी टंचाई की भिंतीला लावायच्या वॉलपेपरची पाकिटं करायचे, आलेलं पाकीट उलटं करून परत वापरायचे, शाई झाडाच्या फळांची घरी करायचे. मीठ मिळत नाही, पैशाची किंमत रोज घसरतेय, २ एप्रिल १८६३ ला कॉन्फेडरेट राजधानी रिचमंडमध्ये बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. अशा वेळी नवरा लिहितो की "मीठ जपून वापर" तेव्हा तो संसार सांभाळतोय, दोनशे मैलांवरून.

हे मला कुठून उमगलं ते सांगते. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, आम्ही सातारा जिल्ह्यातले. त्यांची सात पत्रं घरात आहेत. एकही आजीच्या नावाने नाही, सगळी पणजोबांच्या नावाने, "तीर्थरूप दादांचे सेवेशी", कारण तेव्हा बायकोच्या नावाने पत्र पाठवायची रीतच नव्हती आणि आजीला वाचता येत नव्हतं. पत्र शाळेतले मास्तर ओसरीवर मोठ्याने वाचायचे, आजी दाराआड उभी राहून ऐकायची. त्यातल्या लागोपाठ तीन पत्रांत आजोबांनी लिहिलंय की मागच्या आडाला रहाट बसवून घ्यावा. मी लहानपणी वाचलं तेव्हा वाटलं, लढाईत गेलेला माणूस रहाटाचं काय घेऊन बसलाय. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं ते मला लिवलंय." तिला सातवा महिना होता आणि पाणी दोराने तीच ओढायची. सासऱ्यांना उद्देशून, मास्तरांच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत, आणि तरी फक्त तिला.

त्यानंतर मी अमेरिकेतल्या कुठल्याही शिपायाची "कुंपण दुरुस्त करून घे" ही ओळ कधी सोडली नाही.

पत्र खासगी होतं असं धरून चालणं

तिकडे निदान पत्र बायकोच्या नावाने जायचं. पण वाचणारी ती एकटी नसायची. सासू, दीर, शेजारी, ज्यांचे मुलगे फौजेतल्या त्याच कंपनीत, म्हणजे तुकडीत आहेत ते सगळे जमायचे, कारण एक कंपनी म्हणजे बहुतेक एकाच गावची, एकाच तालुक्याची पोरं. काही पत्रं गावच्या पेपरात छापूनही यायची. हे शिपायाला माहीत असायचं. म्हणून मुख्य कागदावर तो सगळ्यांची खबर देतो, आणि मनातलं असेल ते वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून आत घालतो, कधी "हे जाळून टाक" असंही लिहितो. तुमच्यासमोर फक्त मुख्य कागद असेल आणि तुम्ही म्हणाल "काय कोरडा माणूस आहे", तर थांबा. दुसरा कागद जळला असेल.

यालाच जोडून एक उलटी चूक. आपल्याला पहिल्या महायुद्धातली भारतीय सैनिकांची पत्रं माहीत असतात, फ्रान्समध्ये ती सेन्सॉर व्हायची, इंग्रज ऑफिसर त्यातले उतारे भाषांतर करून फाइलला लावायचे, आणि आज बरीचशी पत्रं त्या उताऱ्यांतूनच उरलीत. म्हणून आपण धरतो की अमेरिकेतही कुणीतरी कापाकापी करत असणार. तिथे शिपायाच्या घरच्या पत्राला अशी पद्धतशीर सेन्सॉरशिप नव्हती. युद्धकैद्यांची पत्रं आणि दोन्ही बाजूंच्या मधून जाणारं टपाल तेवढं उघडं पाठवावं लागायचं, तपासलं जायचं, तेही एका पानाचंच. बाकी शिपाई जनरलला शिव्या घालतो, जागा सांगतो, किती मेले सांगतो. म्हणजे पत्रात जे नाही ते कुणी काढलेलं नाही, ते त्यानेच लिहिलेलं नाही, आणि का लिहिलं नाही हा प्रश्न त्याच्याबद्दलचा आहे.

अक्षर त्याचंच असणार असं गृहीत धरणं

आजारी, जखमी, निरक्षर माणसाचं पत्र दुसऱ्याने लिहिलेलं असतं. वॉशिंग्टनच्या हॉस्पिटलात कवी वॉल्ट व्हिटमन खाटांजवळ बसून शिपायांची पत्रं लिहून द्यायचे. त्यातलं एक जानेवारी १८६६ चं, रॉबर्ट जेबो या शिपायाचं बायकोला, क्षयाने तो खाटेवर होता आणि त्याला लिहिता येत नव्हतं. युद्ध संपून आठ-नऊ महिने झालेले तरी तो घरी पोचलेला नाही, आणि पोचलाही नाही, त्याच वर्षी गेला. पत्राखाली लिहिणाऱ्याने आपलं नाव घातलंय, मित्र म्हणून. हे पत्र एवढी वर्षं नॅशनल अर्काइव्हजमध्ये विधवा पेन्शनच्या फाइलमध्ये पडून होतं, माझ्यासारख्याच कुणा व्हॉलंटियरला फाइल चाळताना सापडलं.

पेन्शनची फाइल हा शब्द लक्षात ठेवा. साध्या शिपायाच्या विधवेला १८६२ च्या कायद्याने महिना ८ डॉलर मिळायचे, पण लग्न झालं होतं हे सिद्ध करावं लागायचं, आणि ज्यांच्याकडे दाखला नव्हता त्या बायकांनी नवऱ्याची पत्रंच पुरावा म्हणून सरकारला दिली. ती परत मिळाली नाहीत. म्हणजे आज आपण जी वाचतोय त्यातली कितीतरी अशी आहेत की जी तिने ८ डॉलरसाठी हातची सोडली. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं त्या रात्री पुढे टाइप करू शकले नाही.

फक्त नवऱ्याचं ऐकणं

इथे आपण सगळेच अडकतो. बायकोने त्याची पत्रं पेटीत जपली, म्हणून ती उरली. तिची पत्रं त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होती, पावसात भिजली, लढाईआधी त्याने स्वतः जाळली म्हणजे शत्रूच्या हाती लागून कुणी हसू नये, किंवा त्याच्याबरोबर पुरली गेली. युनियनचा सेनापती जनरल ग्रांटची बायको ज्युलियाला लिहिलेली पत्रं भरपूर आहेत, ज्युलियाची त्याला लिहिलेली जवळपास नाहीत. मोठ्या माणसाची ही गत, तर शिपायाच्या बायकोचं काय.

पण तिचं बोलणं त्याच्या पत्रात असतं, फक्त काढावं लागतं. मी एक साधी पद्धत करते. त्याच्या प्रत्येक पत्रातली "तू विचारलंस", "तू लिहिलंस", "तुला वाईट वाटलं" अशी वाक्यं वेगळ्या वहीत काढते आणि त्यावरून तिने काय लिहिलं असेल ते उलटं लावत जाते. दहा पत्रांनंतर तिचा स्वभाव कळायला लागतो. एक बाई दर पत्रात त्याला ऑफिसर होऊ नकोस असं सांगत होती, कारण ऑफिसर पुढे उभे राहतात. तिचं एक अक्षर उरलेलं नाही पण मला ती शेजारच्या बाईसारखी ओळखीची झाली.

कधीतरी तिचा आवाज थेट मिळतो आणि मग कळतं काय काय हरवलंय. डोर्सी पेंडर, कॉन्फेडरेट ऑफिसर, पुढे जनरल. १८६१ च्या उन्हाळ्यात बायको फॅनीला त्याने सहज लिहिलं की पार्टीत एका मुलीशी जरा छेडछाडीच्या गप्पा झाल्या. फॅनीने त्याचंच वाक्य परत त्याच्यासमोर ठेवून, शांतपणे, अतिशय दुखावून उत्तर दिलं की मी तुला कधी मुद्दाम दुखवलेलं नाही, मग हे का. ते उत्तर उरलंय. त्याची एकट्याचीच पत्रं वाचली असती तर आपण म्हणालो असतो काय प्रेमळ नवरा आणि पुढे गेलो असतो. पेंडर गेटिसबर्गच्या लढाईत २ जुलै १८६३ ला जखमी झाला आणि १८ तारखेला गेला.

"प्रेमपत्र" म्हणून वाचताना युद्ध कशावरून होतं ते विसरणं

दक्षिणेच्या सैनिकाचं पत्र. मुलाला पापा दे, तुझी फार आठवण येते, आणि पुढच्याच ओळीत आपल्याकडच्या अमक्या गुलामाला या वर्षी कुणाकडे भाड्याने लावायचं. दोन्ही ओळी एकाच शाईने, एकाच हाताने. मराठीत अशा पत्रांबद्दल लिहिणारे बहुतेकदा पहिली ओळ घेतात आणि दुसरी गाळतात, वाचकाला जड जाईल म्हणून. असं करू नका. ज्याला भाड्याने लावलं जात होतं त्यालाही बायको होती, आणि तिला पत्र लिहायला शिकवणं दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत कायद्याने गुन्हा होता.

आणि त्या नवऱ्यांचीही पत्रं आहेत, ती शोधून वाचा. युनियनच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक होते. सॅम्युएल केबल हा मिझुरीत गुलाम होता, १८६३ मध्ये ५५ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झाला, आणि बायकोला लिहिलं की देशावर संकट मोठं आहे पण तू पूर्ण स्वातंत्र्यात असशील आणि मी तुला भेटेन असा उजळ दिवस मला दिसतोय. ती अजून गुलामगिरीतच होती. युद्धानंतर तो तिच्याकडे परत गेला, आणि दोघं पुढे डेन्व्हरला गेली.

सगळ्यांचं असं झालं नाही. ३० डिसेंबर १८६३ ला मिझुरीतूनच, गुलामगिरीत असलेल्या मार्था ग्लोव्हरने फौजेतल्या नवऱ्याला लिहिलं, तू गेल्यापासून मला त्रासच त्रास आहे, तू फौजेत गेलास म्हणून हे लोक मला छळतात, परवा मारलं, मुलांना बघणार नाही म्हणतात, मी तुला आधीच सांगितलं होतं असं होईल, मला अशा अवस्थेत टाकून जायला नको होतंस. तो लढायला गेला होता आणि त्याची किंमत ती अंगावर झेलत होती. तिकडे काळ्या शिपायाला पगार महिना १० डॉलर, त्यातून कपड्याचे ३ कापून ७, गोऱ्याला १३. जून १८६४ मध्ये तो सारखा झाला. तर "पैसे का पाठवत नाहीस" या प्रश्नाचं उत्तर कोणत्या पलटणीत आहे त्यावर बदलतं.

स्पेलिंग सुधारणं

करू नका. एकदम नका. शिपाई ऐकू येईल तसं लिहितो, पूर्णविराम नाही, मोठी अक्षरं कुठेही. ते तसंच टाइप करा, कारण त्याच्या चुकीच्या स्पेलिंगमधून त्याची बोली ऐकू येते. आपण जर कोकणातल्या माणसाचं "इलंय" सुधारून "आलो आहे" केलं तर काय राहील.

अडकलात तर

आता थोड्या व्यावहारिक अडचणी, ज्या सगळ्यांनाच येतात.

दोन एस जोडून आले की पहिला लांब असतो आणि एफ किंवा पी सारखा दिसतो, त्यामुळे "मिस" चं "मिफ्स" वाचलं जातं. मी एका बाईचं आडनाव दोन महिने चुकीचं टाइप करत होते. संशय आला की त्याच पानावर तसं दुसरं अक्षर शोधा, अर्थाने ओळखायला जाऊ नका. ज्यांनी घरचे मोडी कागद लावलेत त्यांना ही सवय असेलच.

पान आडवं-उभं दोन्हीकडून लिहिलेलं, जाळीसारखं दिसत असेल तर घाबरू नका. कागद वाचवायला पान भरल्यावर नव्वद अंशात फिरवून वरून परत लिहायचे. स्क्रीनवर इमेज फिरवा आणि एकाच दिशेच्या ओळींवर डोळा ठेवा, पंधरा मिनिटांत दुसऱ्या ओळी आपोआप मागे जातात. डोळे दुखतात हे खरं, दोन पानांनंतर थांबा.

तारखेत "१० इन्स्ट." दिसलं तर या महिन्याची १०, "२५ अल्ट." म्हणजे गेल्या महिन्याची २५. हे न कळल्याने मी एक अख्खा पत्रव्यवहार महिनाभर सरकवून लावला होता आणि मग ती बाई बाळंत होण्याआधीच तो बाळाचं नाव विचारतोय असं दिसायला लागलं.

वर्ष नसेल पण वार असेल तर काम होतं. "रविवार, ६ एप्रिल" हा युद्धाच्या काळात फक्त १८६२ मध्ये येतो, आणि तो शायलोच्या लढाईचा पहिला दिवस आहे. जानेवारीतल्या पत्रांवर मात्र डोळे झाकून विश्वास नको, लोक सवयीने जुनंच वर्ष लिहितात, आपणही लिहितो.

लढाईचं नाव सापडत नसेल तर ती दुसऱ्या नावाने शोधा. उत्तरेचे लोक बहुतेक ओढ्या-नदीवरून नाव द्यायचे, दक्षिणेचे जवळच्या गावावरून: बुल रन तेच मनॅसस, अँटिटम तेच शार्प्सबर्ग.

पत्रं अचानक बंद झाली म्हणजे माणूस गेला असं लगेच लिहू नका. रजेवर घरी असेल, तर पत्राची गरजच नाही. कैदेत असेल. दक्षिणेतल्या अँडरसनव्हिलच्या कैदेत साधारण ४५ हजार युनियन सैनिक होते, त्यातले जवळजवळ १३ हजार मेले, आणि जे जगले त्यांच्याकडून घरी कितीतरी महिने एक ओळ आली नव्हती. पलटणीची हजेरी बघा, हॉस्पिटलची नोंद बघा, पेन्शन बघा. त्याच्या बायकोनेही हेच केलं. शहरांत घरपोच टपाल सुरू झालं १ जुलै १८६३ ला, गेटिसबर्गची लढाई सुरू झाली तोच दिवस. त्याआधी आणि खेड्यात त्यानंतरही तिला पोस्टाच्या खिडकीशी सगळ्यांसमोर उभं राहून विचारावं लागायचं, आहे का माझं काही.

मराठी वाचकांना मी एक शेजारची गोष्ट आवर्जून सांगते. ही पत्रं लिहिली जात होती तेव्हा अमेरिकेचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता, म्हणून मुंबईत आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शेअरचा बाजार चढला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर कोसळला. त्या बायका ज्या दिवसाची वाट बघत होत्या त्याच दिवसांनी मुंबईतली घरं बुडाली. पत्रात कापसाच्या भावाचा उल्लेख आला की मी तिथे खूण करते.

घरात अशी पत्रं असतील तर

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि आपल्या घरालाही लागू. आधी फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, पाकिटाचे पण. पाकिटावरचा शिक्का आणि तारीख पत्राइतकीच कामाची, स्टॅम्प काढू नका. घडी जबरदस्तीने उघडू नका. पिना, स्टेपल, रबरबँड काढून टाका, पिना-स्टेपलचा गंज कागद खातो. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. पेनाने वर नंबर घालू नका, फार तर हलक्या पेन्सिलीने कोपऱ्यात. सपाट ठेवा, उन्हापासून आणि कपाटाच्या ओल्या भिंतीपासून लांब. आणि सेलोटेप लावू नका.

सेलोटेप मी लावलीय. कॉलेजात असताना, आजोबांच्या चौथ्या पत्राची घडी फाटत होती म्हणून, चांगल्या मनाने, अगदी जपून लावली. वीस वर्षांत ती पिवळी पडली, चिकट डाग आत उतरला आणि खालची शाई पसरली. त्या ओळीत "रहाटाचे" एवढा शब्द अजून वाचता येतो. पुढचं टेपखाली आहे. रहाट बसल्याचं त्यांना कळलं होतं की ते परत सांगत होते, हे मला माहीत नाही, आणि आजी २००९ मध्ये गेली.